नवऱ्याला पीआर मिळाले, बायकोच्या व्हिसाचे काय?

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे एकाच प्रश्नाभोवती फिरतात. मुलाला किंवा जावयाला परदेशात कायम वास्तव्याचा परवाना, म्हणजे पीआर, मिळतो, घरात पेढे वाटून होतात, आणि मग कोणाच्या तरी लक्षात येते की सुनेच्या अथवा मुलीच्या व्हिसावर अजून ‘डिपेंडंट’, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसावर अवलंबून, असेच लिहिलेले आहे. त्यांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या विनंतीवरून वगळली आहेत. उत्तरांतील नियम आणि शुल्काचे आकडे सप्टेंबर २०२५ चे आहेत.

प्रश्न : माझी मुलगी व जावई लंडनला असतात. जावई ऑगस्ट २०२० पासून तेथे नोकरीत आहेत. दोघांचे लग्न डिसेंबर २०२१ मध्ये दादरला झाले आणि १२ मार्च २०२२ रोजी मुलगी डिपेंडंट व्हिसावर तिकडे गेली. या ऑगस्टमध्ये जावयांना पीआर मिळाले. मुलीचा व्हिसा मात्र १४ डिसेंबरला संपतो. येथील एका सल्लागारांचे म्हणणे असे की, नवरा पीआर झाला म्हणजे तिचा डिपेंडंट व्हिसा बाद झाला, तेव्हा तिने ताबडतोब स्पाउस, म्हणजे जोडीदाराच्या, व्हिसावर जावे. अर्ज भरून देण्याचे त्यांनी पंचेचाळीस हजार रुपये सांगितले आहेत. २७ डिसेंबरला माझ्या मुलाचे लग्न आहे आणि त्यासाठी मुलगी मुंबईला येणार आहे. आम्ही काय करावे?
— एक वडील, मुलुंड (पूर्व)

उत्तर : पंचेचाळीस हजार देऊ नका. सल्लागारांनी सांगितलेल्या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत, आणि दुसरी ऐकली तर आपली मुलगी साडेतीन वर्षांहून अधिक काळ मागे पडेल.

आपण ज्याला पीआर म्हणता त्याचे ब्रिटनमधील नाव ‘इंडेफिनिट लीव्ह टू रिमेन’, म्हणजे आयएलआर. कुशल कामगारांच्या व्हिसावर पाच वर्षे सलग काढली की त्यासाठी अर्ज करता येतो. आपले जावई ऑगस्ट २०२० मध्ये गेले, त्यांची पाच वर्षे या ऑगस्टमध्ये भरली. मुलगी दीड वर्षाने गेली, म्हणून तिची पाच वर्षे १२ मार्च २०२७ रोजी भरतील. नवऱ्याचे दिवस बायकोच्या खात्यात जमा होत नाहीत आणि नवऱ्याचे काम झाले म्हणून बायकोचे साचलेले दिवस पुसलेही जात नाहीत. एवढे एक नीट लक्षात घेतले तर पुढचा सगळा गुंता सुटतो.

तिचा व्हिसा १४ डिसेंबरला संपतो, कारण डिपेंडंटला मुदत देताना ती मुख्य अर्जदाराच्या व्हिसाच्या मुदतीइतकीच दिली जाते. जावयांना आयएलआर मिळाल्यामुळे तो व्हिसा मध्येच रद्द होत नाही. आज ती नोकरी करत असेल तर उद्याही करू शकते. मात्र १४ डिसेंबरनंतरची सोय करायला हवी, आणि ती सोय नियमातच आहे. कुशल कामगार असताना ज्याला आयएलआर मिळाले त्याची पत्नी, जर आयएलआर मिळाले त्या वेळी त्याच्याच डिपेंडंट व्हिसावर असेल, तर पुढेही त्याच मार्गावर राहून मुदतवाढ मागू शकते, आणि तिला तीन वर्षांची मुदत मिळते. उद्या जावयांनी ब्रिटिश नागरिकत्व घेतले तरीही ही सवलत टिकते. त्यांनी नोकरी बदलली किंवा काही महिने घरी बसले तरी तिच्या अर्जाला बाध येत नाही, कारण आयएलआर मिळालेली व्यक्ती कोणत्याही कंपनीच्या प्रायोजकत्वाला बांधलेली नसते.

आता स्पाउस व्हिसा. हा वेगळा मार्ग आहे, कौटुंबिक नियमांखालचा. मुलगी त्यावर जाऊ शकते, यात शंका नाही. पण त्या मार्गावर आयएलआर मिळण्यासाठी त्याच मार्गावरची पाच वर्षे लागतात, डिपेंडंट म्हणून काढलेली त्यात धरली जात नाहीत. म्हणजे मार्च २०२२ पासून जमा झालेले दिवस सोडून द्यायचे आणि पहिल्यापासून मोजायला लागायचे. जे काम मार्च २०२७ मध्ये व्हायचे ते २०३० च्या अखेरीवर जाते. शिवाय स्पाउस व्हिसासाठी वार्षिक २९,००० पाउंडांचे उत्पन्न दाखवावे लागते. ११ एप्रिल २०२४ पासून ही मर्यादा लागू आहे. डिपेंडंटच्या मुदतवाढीला ही अट नाही. ब्रिटनमध्ये बारा महिने राहून झालेल्या डिपेंडंटने आर्थिक अट पूर्ण केली असे मानले जाते.

सल्लागारांनी कदाचित खर्चाचा मुद्दा पुढे केला असेल, म्हणून तोही पाहू. मुदतवाढीच्या अर्जाचे शुल्क ८८५ पाउंड आणि तीन वर्षांचा हेल्थ सरचार्ज (सरकारी आरोग्यसेवेसाठीचा अधिभार), वर्षाला १,०३५ प्रमाणे, ३,१०५ पाउंड, मिळून ३,९९० पाउंड. स्पाउस व्हिसाला अर्ज शुल्क १,३२१ आणि अडीच वर्षांचा सरचार्ज २,५८७.५० पाउंड, म्हणजे एकूण ३,९०८.५० पाउंड. दिसायला दुसरा मार्ग ऐंशीएक पाउंडांनी स्वस्त आहे. पण अडीच वर्षांनी तीच रक्कम पुन्हा भरायची असते, आणि नंतर आयएलआरचे ३,०२९ पाउंड दोन्हीकडे आहेतच. स्वस्त म्हणून दोनदा भरलेली फी महागच पडते.

एका बाबतीत थोडे थांबून सांगावे लागेल. मे २०२५ मध्ये ब्रिटिश सरकारने जी श्वेतपत्रिका काढली तीत आयएलआरसाठीची सर्वसाधारण मुदत पाचवरून दहा वर्षांवर नेण्याचा प्रस्ताव आहे, आणि ब्रिटिश नागरिकांच्या जोडीदारांसाठी मात्र पाच वर्षेच ठेवण्याचे म्हटले आहे. त्यामुळे जी मुलगी दोन-चार महिन्यांपूर्वीच डिपेंडंट म्हणून गेली आहे आणि जिचा नवरा लवकरच ब्रिटिश नागरिक होणार आहे, तिने दोन्ही पारडी तोलून पाहावीत. आपल्या मुलीची साडेतीन वर्षे झालेली आहेत आणि जावई आज नागरिक नाहीत, केवळ आयएलआरधारक आहेत. तिने आहे त्या मार्गावर राहावे असे माझे स्पष्ट मत आहे. अर्ज ज्या दिवशी भरायचा त्या दिवशीचे नियम ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर वाचूनच भरावा.

आता लग्नाचे. आपल्या पत्रातील खरी अडचण ही आहे, आणि आपण ती शेवटच्या ओळीत लिहिली आहे. मुदत संपण्यापूर्वी अर्ज केला तर निर्णय होईपर्यंत तिचे तेथील वास्तव्य कायदेशीर राहते. पण अर्ज प्रलंबित असताना ती ब्रिटन, आयर्लंड आणि लगतची बेटे सोडून बाहेर पडली तर तो अर्ज मागे घेतला असे समजले जाते. मुलीने नोव्हेंबरअखेरीस अर्ज केला आणि २० डिसेंबरला विमानात बसली, तर भावाच्या हळदीला ती पोहोचेल, पण हातात ना जुना व्हिसा असेल ना नवा अर्ज. साध्या अर्जाचा निर्णय सर्वसाधारणपणे आठ आठवड्यांत होतो. ५०० पाउंड जादा भरल्यास पाच कामकाजाच्या दिवसांत, आणि १,००० पाउंड भरल्यास पुढच्या कामकाजाच्या दिवशी निर्णय मिळण्याची सोय आहे. हा अंक आपल्या हाती ऑक्टोबरच्या आरंभी पडेल. त्याच आठवड्यात अर्ज भरला तर साध्या मार्गानेही डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत निकाल लागावा. नोव्हेंबर उजाडला तर मात्र पाचशे पाउंड वाचवायला जाऊ नये. निर्णय येईपर्यंत तिकीट परतावा मिळणारेच काढावे.

कागदपत्रांत ब्रिटनमधील कागद, म्हणजे दोघांच्या नावे एकाच पत्त्यावर आलेली बँकेची, कौन्सिल टॅक्सची (तेथील घरपट्टीसारख्या कराची), डॉक्टरांची पत्रे, तिच्याकडे असतील. घोळ होतो तो मुंबईच्या कागदांत. आपल्याकडे पासपोर्टवर नावाच्या रकान्यात स्वतःचे आणि वडिलांचे नाव एकत्र लिहिलेले असते, लग्नानंतर नवा पासपोर्ट काढताना तेथे नवऱ्याचे नाव येते, आणि महानगरपालिकेच्या विभाग कार्यालयातून मिळालेल्या विवाह नोंदणी प्रमाणपत्रावर वधूचे माहेरचे पूर्ण नाव असते. एका ओळखीच्या मुलीचे प्रकरण मी स्वतः पाहिले आहे. प्रमाणपत्रावर नाव स्वाती, लग्नात तांदळात अंगठीने लिहिलेले नाव सायली, आणि हौसेने नव्या पासपोर्टवर सायली छापून घेतलेले. दोन कागद आणि बायकाही दोन, असा प्रकार. आडनाव बदललेले नसेल तर काहीही अडत नाही, ब्रिटनला नवराबायकोचे आडनाव एकच हवे असा नियम नाही. स्वतःचे नावच बदलले असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रातील नावबदलाची प्रत जोडावी. प्रमाणपत्र केवळ मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर जोडावे आणि त्यावर भाषांतर अचूक असल्याचे विधान, तारीख, भाषांतरकाराचे पूर्ण नाव, सही व संपर्क असावा. नोटरीचा गोल शिक्का एवढ्याने ही गरज भागत नाही, जरी आपल्याकडे कशावरही तो मारून घेण्याची पद्धत असली तरी.

ब्रिटनमध्ये आता प्लास्टिकचे वास्तव्य कार्ड चालत नाही, त्याची जागा ऑनलाइन ई-व्हिसाने घेतली आहे. तिने पासपोर्ट नवा काढला असेल तर त्याचा क्रमांक तिच्या ऑनलाइन खात्यात नोंदवलेला आहे का, हे मुंबईचे विमान पकडण्यापूर्वी पाहून घ्यावे. परतीच्या वेळी सहार विमानतळाच्या काउंटरवर हा प्रश्न निघाला तर तेथे तो सुटत नाही.

पुढे आयएलआरचा अर्ज पाच वर्षे भरण्याच्या २८ दिवस आधीपासून करता येतो. तिच्या बाबतीत १२ फेब्रुवारी २०२७ पासून. त्यासाठी ‘लाइफ इन द यूके’ ही चाचणी द्यावी लागेल. ४५ मिनिटे, २४ प्रश्न, त्यांपैकी १८ बरोबर यावे लागतात, फी ५० पाउंड. त्याशिवाय इंग्रजीची बी-१ ही मध्यम पातळी सिद्ध करावी लागेल. पदवी मुंबई विद्यापीठाची आणि इंग्रजी माध्यमातील असेल तर एक्टिस या ब्रिटिश संस्थेकडून तसा दाखला मिळवता येतो आणि भाषेची परीक्षा टळते. विद्यापीठाकडून माध्यमाचे पत्र आणायचे असेल तर ते काम या लग्नाच्याच मुक्कामात उरकून घ्यावे.

राहिले सल्लागार. ब्रिटनमध्ये स्थलांतराविषयी पैसे घेऊन सल्ला देणारा मनुष्य एकतर वकील असावा लागतो किंवा इमिग्रेशन ॲडव्हाइस ॲथॉरिटीकडे नोंदलेला असावा लागतो. ओआयएससी या जुन्या नावाने आपण तिच्याविषयी ऐकले असेल. नोंदणीकृत सल्लागारांची यादी ऑनलाइन पाहता येते. येथील सल्लागारांचे नाव त्यात शोधून पाहावे.

प्रश्न : मुलगी मँचेस्टरला जून २०२२ पासून डिपेंडंट व्हिसावर आहे. जावयांना मे महिन्यात पीआर मिळाले. मुलीला आता सहावा महिना चालू आहे, जानेवारीत दिवस भरतील. पहिले बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत. २० ऑक्टोबरला तिला घेऊन यायचे आणि बाळाला चार महिने झाले की १० मेला परत पाठवायचे, असे ठरवले आहे. गणपतीला ती बारा दिवस येऊन गेली. तिच्या पुढच्या पीआरला याने काही अडचण येईल का?
— एक आई, बोरिवली (पश्चिम)

उत्तर : येईल, आणि ती टाळता येण्यासारखी आहे, म्हणून बरे झाले आपण आधी विचारलेत.

आयएलआरसाठी मोजल्या जाणाऱ्या पाच वर्षांत कोणत्याही सलग बारा महिन्यांत १८० दिवसांहून अधिक काळ ब्रिटनबाहेर राहता येत नाही. हे बारा महिने जानेवारी ते डिसेंबर असे नसतात, कोणत्याही तारखेपासून मोजता येतात. म्हणून वर्ष बदलले की हिशेब नव्याने सुरू होतो हा समज सोडून द्यावा. निघण्याचा आणि पोहोचण्याचा दिवस धरत नाहीत. केवळ पूर्ण दिवस धरतात. २० ऑक्टोबरला निघून १० मेला पोहोचल्यास २१ ऑक्टोबर ते ९ मे असे २०१ दिवस होतात. त्यात गणपतीचे बारा दिवस मिळवावे लागतात, कारण तेही त्याच बारा महिन्यांत येतात. ही मर्यादा केवळ नोकरदाराला आहे, डिपेंडंटला नाही, असे आपल्याला कोणी सांगितले तर ती माहिती जुनी आहे. ११ जानेवारी २०१८ नंतर मिळालेल्या डिपेंडंट व्हिसांना ती लागू आहे.

१८० मधून १२ गेले, उरले १६८. त्या हिशेबाने मुलीने ७ एप्रिलपर्यंत मँचेस्टरला पोहोचले पाहिजे. मी तर मार्चअखेरीस पोहोचावे असे सुचवीन, कारण विमान रद्द होते, बाळाला ताप येतो, आणि ऑगस्टअखेरपर्यंत तिला पुन्हा मुंबईला यावे लागणारच नाही याची खात्री कोण देणार? मर्यादेला जे अपवाद आहेत त्यांत स्वतःचा जीवघेणा आजार, जवळच्या नातलगाचा मृत्यू अथवा तसाच गंभीर आजार, नैसर्गिक आपत्तीने वा युद्धाने प्रवास अडणे, अशा गोष्टी येतात. माहेरचे बाळंतपण त्यांत बसत नाही. मर्यादा ओलांडली म्हणून तिचा व्हिसा जाणार नाही, परंतु सलग वास्तव्य तुटते आणि पाच वर्षांची मोजणी पुन्हा सुरू करावी लागते.

आपण विचारलेले नाही, पण याहून मोठी गोष्ट बाळाची आहे. ज्याच्या आईवडिलांपैकी एकाला जन्माच्या वेळी आयएलआर आहे असे मूल ब्रिटनच्या भूमीवर जन्मले तर ते जन्मतः ब्रिटिश नागरिक असते. १९८१ च्या ब्रिटिश राष्ट्रीयत्व कायद्यात तशी तरतूद आहे. तेच मूल बोरिवलीत जन्मले तर ते भारतीय नागरिक होईल, ब्रिटिश होणार नाही, आणि आईबरोबर परत जायचे तर त्याच्यासाठी भारतीय पासपोर्ट काढून स्वतंत्र व्हिसाचा अर्ज करावा लागेल. जन्मदाखला, पासपोर्ट आणि व्हिसा हे सगळे मार्चअखेरीपर्यंत हाती येणे म्हणजे धावपळ आहे. बाळाचे कागद अडले तर आई त्याला सोडून एकटी विमानात बसणार नाही, आणि मग वरचे सगळे गणित कोलमडते.

यांतले काय चांगले हे मी ठरवू शकत नाही. ब्रिटिश नागरिक झालेल्या बाळाला भारतीय नागरिकत्व ठेवता येत नाही, भारतात येण्याजाण्यासाठी त्याला व्हिसा किंवा ओसीआय, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे, कार्ड काढावे लागते, आणि काही घरांत ही गोष्ट आजोबांना जड जाते. परंतु रीत पाळायची तर ती उलट्या दिशेनेही पाळता येते. मुलीने हेल्थ सरचार्ज भरलेला असल्यामुळे बाळंतपणाचे वेगळे पैसे तेथील सरकारी रुग्णालयात द्यावे लागत नाहीत. आपण सहा महिन्यांपर्यंतच्या व्हिजिटर व्हिसावर मँचेस्टरला जाऊ शकता, आणि डिंक, खारीक, अळीव हे सामानात नेता येते. तुपाचे मात्र तिकडेच बघा, दूध आणि दुधाचे पदार्थ भारतातून ब्रिटनमध्ये नेऊ देत नाहीत. त्यामुळे तुपात वळलेले लाडू येथून करून नेण्याऐवजी तेथेच वळलेले बरे.

प्रश्न : माझ्या थोरल्या भावाला गेल्या वर्षी ब्रिटनमध्ये आयएलआर मिळाले. त्याचे लग्न येत्या फेब्रुवारीत ठरले आहे. होणारी वहिनी परळला राहते. तिला डिपेंडंट व्हिसावर नेता येईल का? दुसरे असे की, भावाचा एक मित्र तेथेच आहे, त्यालाही आयएलआर मिळाले, पण त्याची बायको त्या वेळी विद्यार्थी व्हिसावर होती. तिचे काय होते?
— एक वाचक, गिरगाव

उत्तर : दोघींनाही डिपेंडंटचा मार्ग मोकळा नाही. आयएलआर मिळाले त्या दिवशी जी पत्नी म्हणून डिपेंडंट व्हिसावर होती तिच्यासाठीच ती सवलत आहे. आपल्या वहिनींचे लग्न नंतर होणार आणि मित्राच्या पत्नी त्या वेळी दुसऱ्या व्हिसावर होत्या. मित्राच्या पत्नी शिक्षण संपल्यावर स्वतःच्या नोकरीच्या बळावर कुशल कामगार व्हिसा घेऊ शकतात, नाहीतर स्पाउस व्हिसा.

आपल्या वहिनींसाठी स्पाउस व्हिसाच. मुंबईहून अर्ज केल्यास ३३ महिन्यांची मुदत मिळते. शुल्क १,९३८ पाउंड आणि सरचार्ज ३,१०५ पाउंड. क्षयरोगाची तपासणी मान्यताप्राप्त केंद्रात करावी लागते, इंग्रजीची ए-१ ही प्राथमिक पातळी दाखवावी लागते. भावाचे वार्षिक उत्पन्न किमान २९,००० पाउंड हवे. एकाच कंपनीत सहा महिने किंवा अधिक झाले असतील तर सहा महिन्यांच्या पगाराच्या पावत्या आणि त्याच पगाराच्या नोंदी दाखवणारी बँकेची स्टेटमेंट्स, जी अर्जाच्या तारखेपूर्वी २८ दिवसांहून जुनी नसावीत. म्हणून लग्नाच्या तोंडावर भावाने नोकरी बदलू नये. बदललीच तर कागदांचा हिशेब निराळा होतो. ज्यांचे उत्पन्न तेवढे नाही त्यांना बचत दाखवता येते, पण केवळ बचतीवर जायचे तर ८८,५०० पाउंड बँकेत हवेत.

काही जण आधी वाग्दत्त वधूचा सहा महिन्यांचा व्हिसा काढून तिकडे नोंदणी करतात. त्या व्हिसावर नोकरी करता येत नाही आणि नंतर दुसरा अर्ज करावाच लागतो. फेब्रुवारीत लग्न येथेच आहे, तर विभाग कार्यालयात लगेच नोंदणी करून प्रमाणपत्र हाती घ्यावे आणि मग एकच अर्ज करावा. नोंदणीच्या अर्जात वहिनींचे नाव पासपोर्टप्रमाणे अक्षर न् अक्षर लिहावे. तेथे काउंटरवर गर्दी असते आणि टंकलेखकाला ‘दिपाली’ आणि ‘दीपाली’ यांत फरक वाटत नाही, इंग्रजीत मात्र एकाचे स्पेलिंग आयने होते आणि दुसऱ्याचे दोन ईने.

प्रश्न : मुलगा न्यू जर्सीत एच-१बी व्हिसावर होता. त्याचा ग्रीन कार्डचा अर्ज फार जुना होता. लग्न या फेब्रुवारीत झाले आणि सून एच-४ वर तिकडे गेली. ऑगस्टमध्ये मुलाचे ग्रीन कार्ड मंजूर झाले. सुनेचा एच-४ २०२७ पर्यंत आहे, तेव्हा घाई नाही असे मुलगा म्हणतो. हे बरोबर आहे का?
— एक वाचक, विलेपार्ले (पूर्व)

उत्तर : नाही. ब्रिटनविषयी वर जे लिहिले ते अमेरिकेला लावू नका, तेथे गोष्ट नेमकी उलटी आहे. एच-४ हा जोडीदाराचा व्हिसा एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या खांद्यावर उभा असतो. मुलाचे ग्रीन कार्ड मंजूर झाले त्या दिवशी तो एच-१बीवर राहिला नाही, आणि म्हणून सूनही एच-४ वर राहिली नाही. कागदावर २०२७ लिहिलेले असले तरी त्याला अर्थ उरत नाही. एच-४ वर काम करण्याची परवानगी घेतली असेल तर त्यावर नोकरी चालू ठेवणेही आता धोक्याचे आहे.

सुदैवाने लग्न मंजुरीच्या आधी झाले. त्यामुळे सून मुलाच्याच अर्जात जोडीदार म्हणून येऊ शकते आणि मुलाची जुनी प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतील क्रम ठरवणारी तारीख, तिलाही लागू होते. लग्न मंजुरीनंतर झाले असते तर मुलाला आय-१३० हा वेगळा अर्ज भरून कौटुंबिक रांगेत, एफ-२ए या वर्गात, तिला उभे करावे लागले असते, आणि तोवर तिला तिकडे नेण्याचा सरळ रस्ता राहिला नसता.

सून अमेरिकेतच आहे. तिने ग्रीन कार्डासाठीचा आय-४८५ हा अर्ज स्वतः भरावा. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डांच्या अर्जदारांना, त्यांच्या जोडीदारांसह, वैध दर्जाविना राहिलेले दिवस १८० पर्यंत माफ करण्याची कायद्यात तरतूद आहे. तिचे दिवस ऑगस्टपासून मोजले जात आहेत. पण अर्ज घेतला जाण्यासाठी त्या महिन्याच्या व्हिसा बुलेटिनमध्ये, म्हणजे अमेरिकी सरकारच्या मासिक पत्रकात, मुलाची तारीख चालू असावी लागते, आणि भारतीयांसाठी ही तारीख पुढे जाते तशी मागेही येते. मुलाला मंजुरी मिळाली म्हणजे ऑगस्टमध्ये ती चालू होती. आज आहे का, हे त्याने हे वाचताच पाहावे, आणि असेल तर याच महिन्यात वकिलाकडून अर्ज दाखल करावा.

तारीख मागे गेली असेल तर १८० दिवस संपण्यापूर्वी तिने मुंबईला परत यावे, हे मला सांगावे लागते आहे. कारण तेथे दर्जाविना बसून राहण्यापेक्षा ते कितीतरी सुरक्षित आहे. त्या वेळी मुलगा आय-८२४ हा अर्ज भरतो, प्रकरण येथील वकिलातीकडे येते, आणि तारीख चालू झाली की सुनेची मुलाखत वांद्रे-कुर्ला संकुलात होते. येथे आल्यावर तिला पोलिसांचा दाखला काढावा लागेल, आणि तो विलेपार्ल्याच्या पोलीस ठाण्याचा चालत नाही, पासपोर्ट कार्यालयाचा लागतो. जन्मदाखल्यावर तिचे नाव घातलेले आहे का हेही आत्ताच पाहून ठेवा. आपल्याकडे बारशाच्या आधी नोंद झालेल्या दाखल्यांवर नावाची जागा रिकामीच असते, आणि ते नाव घालून घ्यायला ज्या पालिकेत जन्माची नोंद आहे तेथेच जावे लागते.